थोरलीचं माहेर

पालेई कालोंग
३ मे १९९४

थोनदादा,

तू बरा आहेस असं धरून चालते. आजारी असतास तर पत्र आलं असतं, कारण दुखलंखुपलं की तुला घर आठवतं, एरवी नाही.

कामाचं लिहिते. परवा सांगआजी माझ्या मागासमोर फतकल मारून बसली. म्हणाली, "पोरी, चौऱ्याऐंशी झाली मला. थोरलीला एकदा नेसवल्याशिवाय मी मरणार नाही. आणि आता मला जगायचा कंटाळा आलाय, तेव्हा लवकर काय ते बघ." गावची पुजारीण असं बोलल्यावर मी काय करणार? हातातला धोटा खाली ठेवला.

सदुसष्ट साली तोफांचे गोळे नदीपलीकडे पडायला लागले आणि गावाने आपल्या हाताने देवळातल्या थोरलीला ट्रकवर चढवलं, ते तुला आठवत असेल. तू दहा वर्षांचा होतास. मला नुसता ट्रकचा धूर आठवतो. लढाई संपेपर्यंत दा नांगच्या संग्रहालयात सुखरूप राहील, मग आणू, असं ठरलं होतं. लढाई संपून एकोणीस वर्षं झाली. दर वर्षी कातेच्या सणाला आजी रिकाम्या चौथऱ्यावर लाकडाचा खांब उभा करते आणि त्याला वस्त्र नेसवते. मी ते वस्त्र विणते. खांबासाठी विणायचं म्हणजे काय असतं, हे तुला नाही कळायचं.

कचेरीतला साहेब म्हणतो, अर्ज करा, पुढे पाठवतो, पण तुमचा दगड नेमका कुठला ते सांगा. आता देवाची करणी बघ, माझा सख्खा भाऊ त्याच संग्रहालयात अकरा वर्षं नोकरीला आहे! अकरा वर्षांत एकदाही तुला वाटलं नाही का रे, आपली थोरली कुठे बसलीय ते बघावं?

शोध तिला. सण ऑक्टोबरात आहे. वहिनीला आणि तिच्या आईला नमस्कार. गोमांस खात नाहीस ना त्यांच्या घरी? खरं सांग.

म्येन


दा नांग
२० मे १९९४

म्येन,

गोमांस खात नाही. सासूबाई माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवतात आणि ते सगळ्या गल्लीला सांगतात.

तुला वाटतं मी इथे मोठा कुणी आहे. मी दगड पुसतो. सकाळी ब्रश आणि फडकं घेऊन एका टोकाकडून सुरुवात करतो, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दुपार होते. दालनांत तीनशेवर मूर्ती आहेत, कोठारात आणखी. नोंदवही पाहिली. सदुसष्ट सालच्या पानावर एवढंच आहे: 'दक्षिणेकडून, एक ट्रक, सात मूर्ती.' गावाचं नाव नाही. कुणाला दोष देऊ नये, ती माणसं रस्ताभर जीव मुठीत धरून आली होती. नंतर कोठारं बदलली, त्या सात इतरांत मिसळून गेल्या.

एकट्या कोठारात बायकांच्या मूर्ती चाळीस आहेत. आपली कशी होती? नाक, केस, हात, बसलेली की उभी? मला आठवतो तो तिचा लाल काठ आणि पांढराफटक चेहरा. गावात विचार आणि नीट लिहून कळव.

आणि फार आशा धरू नकोस.

थोन


पालेई कालोंग
९ जून १९९४

थोनदादा,

विचारलं. हसावं की रडावं कळत नाही.

बोशकाका म्हणाले, "थोरली ना? पांढरी वस्त्रं, लाल काठ, त्यात सोनेरी वेल." मी म्हटलं, काका, वस्त्रं मीच विणते, बाई कशी होती ते सांगा. तर म्हणाले, "चेहरा पांढरा, ओठ लाल, भुवया काळ्या." पलीकडच्या मावशीही तेच. दगड कुणी पाहिलेलाच नाही! तांदळाच्या पिठाचा आणि चंदनाचा थर दर वर्षी चेहऱ्यावर चढायचा, त्यावर डोळे-ओठ रंगवायचे. नवं वस्त्र वरून घातल्यावर जुनं खालून ओढून घ्यायचं. तेवढ्या वेळात सगळं गाव पाठ करून उभं. संग्रहालयाने ते पीठ कधीच धुऊन काढलं असणार. म्हणजे थोरली जन्मभर आमच्यात राहिली आणि उद्या रस्त्यात भेटली तर आम्ही तिला ओळखणार नाही.

सांगआजीला विचारलं. ती म्हणते, "बसलेली. हात मांडीवर. गाल भरलेले. डाव्या खांद्याच्या मागे टवका उडालेला, कापड दर वेळी तिथेच अडकायचं." मी म्हटलं, अजून काही? तर पान तोंडात टाकलं. तीस वर्षं हिने नेसवलं आणि एवढंच सांगते!

पण माझ्याकडे आईची मापाची दोरी आहे. तिला तीन गाठी आहेत: छाती, कंबर, गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत. आईच्या आईपासून याच दोरीवर वस्त्र बेततात. मूळ दोरी मी मेले तरी पोस्टात टाकणार नाही. तिच्यावरून दुसरी केलीय, ती सोबत पाठवते. दोनदा ताडून पाहिलीय.

मोज सगळ्यांना. लाजू नकोस, दगड आहेत.

म्येन


दा नांग
१ जुलै १९९४

म्येन,

मोजल्या. कोठारातल्या चाळीस आणि दालनांतल्या तेवीस. बायकांच्या मूर्तींपैकी एकही दोरीला लागत नाही. बऱ्याच उभ्या आहेत, काही नाचणाऱ्या, बसलेल्या ज्या आहेत त्यांच्या कमरा बारीक.

बहुतेक वाटेत फुटली असेल. आजीला सांभाळून सांग. खांबाला नेसवता आहात, ते काही वाईट नाही. श्रद्धा महत्त्वाची.

इथे उन्हाळा भयंकर आहे.

थोन


पालेई कालोंग
१५ जुलै १९९४

दादा,

'श्रद्धा महत्त्वाची' हे तू लिहिलंस? लहानपणी देवाच्या शेळीच्या मटणातला तुकडा आधीच पळवणारा तू!

तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. पण तू पोटात ठेवतोस. आईचा माठ फोडलास तेव्हा 'मी विहिरीवर गेलोच नव्हतो' म्हणालास, आणि ते खरं होतं, कारण माठ तू वाटेतच फोडलास. आणि आता एकदम उन्हाळ्यावर आलास! उन्हाळा काय आम्हाला नवा आहे? इथे फान रांगला शेळ्यासुद्धा सावली बघून चरतात.

तुला काहीतरी सापडलंय. काय ते सांग. नाही सांगितलंस तर मी सांगआजीला गाडीत घालते आणि तिकडे येते. ती डोळे मिटून एकेका मूर्तीवर हात फिरवेल, साहेबलोकांसमोर. तुझी नोकरी गेली तर शेळ्या आहेत इथे, ये चारायला.

मी मागे हटणार नाही दादा. तू मला ओळखतोस.

म्येन


दा नांग
२८ जुलै १९९४

म्येन,

आजीला आणू नकोस. सांगतो.

दुसऱ्या दालनात खिडकीजवळ एक बसलेली मूर्ती आहे. तिला मी अकरा वर्षं पुसतोय. पुसून झालं की ओलं फडकं तिच्या डाव्या खांद्यावर टाकायची मला सवय आहे, कारण तिथे ते अडकून राहतं, खाली पडत नाही. तुझं जूनचं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फडकं टाकता टाकता हात तसाच राहिला. खांद्यामागे बोट घातलं. टवका आहे.

तुझी दोरी लावली. तिन्ही गाठी बरोबर जुळल्या. कोठारातल्या बायका मी त्यानंतर मोजल्या, वेड्यासारख्या, कारण मला दुसरी कुणीतरी सापडायला हवी होती.

म्येन, तो पुरुष आहे. शंकर आहे. कपाळावर तिसरा डोळा आहे आणि ओठावर ही भली मोठी मिशी आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या एका मिशीवाल्याला पीठ फासून आई म्हणत आलो.

हे गावाला कसं सांगायचं? कचेरीतला तो साहेब आधीच तुमच्या सणाला अडाणीपणा म्हणतो, त्याच्या हातात कोलीतच मिळेल. बोशकाकांनी मूल व्हावं म्हणून थोरलीला नवस केला होता. आणि आजी! सगळं आयुष्य जिची सेवा केली ती बाईच नव्हती, हे या वयात तिला ऐकवायचं? ती हाय खाऊन मरेल. शिवाय तुमचा अर्ज 'देवी'चा आहे. संग्रहालयाच्या संचालकबाई म्हणतील, आमच्याकडे आहे तो देव, विषय संपला.

मी गप्प बसलो ते तुमच्यासाठी. आणि खरं सांगू? माझीही लाज वाटली. अकरा वर्षं मी त्याच्या खांद्यावर फडकं वाळत घातलं.

हे पत्र फाडून टाक.

थोन


पालेई कालोंग
१४ ऑगस्ट १९९४

दादा,

फाडलं नाही. आजीला मोठ्याने वाचून दाखवलं.

मिशीपाशी आले आणि माझी जीभ अडखळली. आजी खलबत्त्यात पान कुटत होती, ती कुटतच राहिली. "वाच की पुढे." म्हटलं, "आजी, त्याला मिशी आहे म्हणे." तर म्हणाली, "मला काय सांगतेस? दर बारा वर्षांनी जुना थर खरवडून उतरवायचा असतो. मी तीनदा उतरवलाय. मिशी हाताला लागत नाही होय?"

मी बघतच राहिले! म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? माझ्या भावाने त्रेसष्ट बायका मोजल्या!

"माझ्या गुरुणीने मला सांगितलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. गावाने आई म्हणून हाक मारली आणि तो ओ देत राहिला. त्या दोघांच्या मधे बोलणारी मी कोण?"

मग कुटलेलं पान तळहातावर काढलं. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे तिथेच. तर काय म्हणाली ऐक. "पुरुष आहे म्हणून तर आणायलाच हवा. बाई असती तर जिथे बसली तिथे तिने घर केलं असतं. पुरुष लग्न होऊन बायकोच्या घरी जातो, तिथे राबतो, तिथेच म्हातारा होतो. पण मेला की त्याच्या कपाळाची नऊ हाडं आईच्या कुटात, तिच्या कुळाच्या अस्थी पुरतात तिथे, परत येतात. येतात की नाही? मग याला परक्याच्या ओसरीवर कसा सोडता? थोनला लिही, तो स्वतः पुरुष आहे, त्याला कळेल."

तुझं नाव घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला आलं नाही तर तू दगड.

दुसऱ्या दिवशी गाव जमवलं आणि मी उभं राहून सगळं सांगितलं. मग कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. बोशकाका उठले. ते म्हणाले, "नवसाला मला मुलगी झाली. ज्याने दिली त्याला मिशी होती की नव्हती, याचा मुलीला काय फरक पडतो?" आणि बसले. पुढचं भांडण कशावरून झालं माहीत आहे? आता त्याला बाईचं वस्त्र की पुरुषाचं! दोन तास! शेवटी आजी म्हणाली, "इतकी वर्षं नेसलाय, त्याला सवय आहे." मी तेच विणायला घेतलंय, लाल काठाचं.

अर्ज नवीन लिहिला. 'देवी' खोडलं, शंकर लिहिलं, मिशी लिहिली, पीठ लिहिलं, टवका लिहिला, दोरीची मापं लिहिली. काही लपवलं नाही. कचेरीतला साहेब वाचताना हसला. मी म्हटलं, हसून झालं की शिक्का मारा. मारला.

आता तू तो अर्ज घे आणि संचालकबाईंच्या टेबलावर ठेव. तुझ्या हाताने. सह्या एकशे बारा आहेत, पहिली जागा मी तुझ्यासाठी मोकळी सोडलीय. सही करायची की नाही ते तू ठरव.

म्येन


दा नांग
५ सप्टेंबर १९९४

म्येन,

सही केली. तुझी वहिनी न्गा म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही माझ्या घरात राहता, आज पहिल्यांदा तुमचं घर कुठलं ते मला दिसलं." तिला राग आला की बरं वाटलं, मला कळलं नाही. रात्री जेवायला तिने तुमच्यासारखी आंबट माशाची आमटी केली, म्हणजे बरं वाटलं असावं.

संचालकबाईंनी अर्ज दोनदा वाचला. मला बसायला सांगितलं. अकरा वर्षांत मी त्या खोलीत कधी बसलो नव्हतो. मग स्वतः दुसऱ्या दालनात आल्या, दोरी स्वतःच्या हाताने लावली, वाकून खांद्यामागे पाहिलं. म्हणाल्या, "मी याच्यावर चौदा पानं लिहिलीत आणि हा टवका मला दिसला नाही."

पण म्येन, मूर्ती देता येणार नाही. ती सरकारी नोंदीत आहे. हनोईला विचारावं लागेल, त्याला किती वर्षं लागतील कुणी सांगू शकत नाही आणि उत्तर 'नाही' येऊ शकतं. बाई स्पष्ट बोलल्या, त्यांनी मला झुलवलं नाही.

त्या एकच गोष्ट देतात. सणाच्या आधीच्या सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या सकाळी आजीने येऊन नेसवावं. पण फक्त कापड. पाणी नाही, पीठ नाही, रंग नाही. वाळूचा दगड आहे, त्याचे पापुद्रे सुटतात. आणि मंगळवारी दारं उघडायच्या आत वस्त्र काढायचं.

मी हो म्हणालो नाही. विचारून सांगतो म्हणालो. विचार.

थोन


पालेई कालोंग
१६ सप्टेंबर १९९४

दादा,

पाणी नाही म्हटल्यावर आजी भडकली. "आंघोळीशिवाय नेसवू? तुझ्या संचालकबाई सणाला पारोशाच बसतात का?" दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू मीच संग्रहालय. संध्याकाळी म्हणाली, "लेकरू परक्या घरी आहे. तिथली रीत पाळावी लागते. घरी आणल्यावर न्हाऊ घालीन." म्हणजे येतेय.

बोशकाका आणि त्यांची ती नवसाची मुलगी सोबत येतील. रविवारी थाप चाम स्टेशनवरून गाडी. मला येता येत नाही. तेव्हा सण आठवड्यावर आलेला असेल, धाकट्या लेकीने या दिवसांत घराचा उंबरा सोडायचा नसतो. जीव तिकडेच राहील माझा.

वस्त्र पूर्ण झालं. आजी ते पिशवीत ठेवणार नाही, पोटाला बांधून आणणार आहे. गाडीत कुणी काही म्हणालं तर तूच बघ.

सगळं लिही. एक शब्द पोटात ठेवलास तर याद राख.

म्येन


दा नांग
सोमवार संध्याकाळ

म्येन,

सगळं लिहितो.

आजी गाडीतून उतरली आणि म्हणाली, "वाळलास." घरी चल म्हटलं तर नाही. "आधी तो." बोशकाकांची मुलगी म्हणाली, वाटेत अख्ख्या डब्याला सांगत आली, "लेकाला भेटायला चाललेय."

दालनात शिरल्यावर मी बोट दाखवणार होतो. गरज पडली नाही. ती कुणाकडे न बघता भिंतीला हात लावत खिडकीपर्यंत गेली. गुडघ्यावर हात ठेवला, मग मांडीवर, मग खांद्यामागे. तिथे थांबली. मग गाल, आणि मग मिशी. मिशीवरून बोट फिरवून म्हणाली, "धुतला वाटतं तुला यांनी." आणि रडायला लागली. संचालकबाईंनी खुर्ची आणवली, ती बसली नाही.

मग म्हणाली, "तोंडं फिरवा सगळ्यांनी." बोशकाका आणि मुलगी लगेच वळले. मी सांगितल्यावर दोन पहारेकरी वळले. फोटो काढायला बाईंनी एकाला बोलावलं होतं, तो बाईंकडे बघायला लागला. बाईंनी त्याला खूण केली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मीही वळलो, तर आजी ओरडली, "तू कुठे चाललास? माझे हात वर जात नाहीत. इकडे ये, कापड धर. डोळे मीट."

म्हटलं, "आजी, मी याला अकरा वर्षं रोज बघतोय."

"तेव्हा तू दगड बघत होतास. मीट."

मिटले. म्येन, त्याचं बोट न्‌ बोट मला पाठ आहे, पण डोळे मिटल्यावर मी घाबरलो. कापड हातातून सरकत होतं, आजी हळू आवाजात काहीतरी म्हणत होती, आणि कापड खांद्यामागे अडकलं. तिने सोडवलं. मला हुंदका आवरला नाही. तुझा लाल काठ त्याच्या पायावर आला तेव्हा तिने सांगितलं, "उघडा." त्याचा चेहरा रंगवलेला नव्हता, मिशी तशीच होती, आणि खाली थोरलीचं वस्त्र. कुणी हसलं नाही. बोशकाका जमिनीवर लोटांगण घालून पडले आणि 'आई' म्हणाले.

निघताना आजी संचालकबाईंच्या खोलीत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला शहरातली भाषा नीट येत नाही, म्हणून मी त्यांचं बोलणं इकडून तिकडे सांगत होतो.

"कधी देता?"

"आजी, माझ्या हातात नाही. अर्ज हनोईला पाठवते, माझं पत्र जोडून पाठवते. पण ते नाही म्हणतील."

"मग परत अर्ज करू. तुमच्या नोकरीची किती वर्षं राहिली?"

"सहा."

"आम्ही थांबतो," आजी म्हणाली. "दर वर्षी नेसवायला येऊ. मी असले तर मी, नसले तर म्येन. तिला मी सगळं शिकवून ठेवीन. मग तिची धाकटी लेक आहे. तुमच्यानंतर जे बसतील त्यांनाही सांगून ठेवा."

हे बाईंना सांगताना माझा आवाज चढला. नोकराने असं बोलू नये, पण मी बोललो, आणि शेवटी माझंही जोडलं, "मीही आहे."

बाईंनी टेबलावरची वही ओढली.

"पुढच्या वर्षी सण कधी आहे?"

आजीने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, पेन तसंच हातात ठेवलं.

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

आजी तिथेच खुर्चीत बसली आणि बोटांवर महिने मोजायला लागली.

थोन